पारपत्रावरील एक ओळ

(नभोवाणीवरून दिलेल्या भाषणाचा मजकूर)

जून महिना उजाडला की शाळेच्या कचेरीत दाखल्यांसाठी गर्दी होते. कोणाच्या वडिलांची बदली झालेली असते, कोणाला मामाच्या गावी ठेवावयाचे असते, कोणाला घराजवळची शाळा हवी असते. शाळा सोडल्याचा दाखला आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्यात नाव, जन्मतारीख, इयत्ता, शाळा सोडण्याचे कारण असे अनेक रकाने असतात आणि त्यांतच 'वर्तणूक' नावाचा एक लहानसा रकाना असतो. बहुतेक दाखल्यांवर तेथे 'चांगली' हा एकच शब्द लिहिलेला आढळतो. लिहिणाऱ्याचा हात सवयीने तो शब्द लिहून जातो आणि वाचणाऱ्याची नजर सवयीने त्यावरून सरकते. आज मी ह्या लहानशा रकान्याविषयी आणि सातासमुद्रापलीकडील अशाच एका मोठ्या रकान्याविषयी आपल्याशी बोलणार आहे.

२००७ साली माझ्या वर्गातील एका मुलाने स्नेहसंमेलनासाठी जमविलेले पैसे चोरले. चोरी उघडकीस आली, पैसे परत मिळाले, आणि वडिलांनी त्याला शाळेतून काढण्याचे ठरविले. दाखला तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. मी तेव्हा नवीन होते. खरे बोलावे, खरे लिहावे ह्याचा अभिमान होता. वर्तणुकीच्या रकान्यात मी 'असमाधानकारक' असे लिहिले. पुढे कळले की, दोन शाळांनी त्याला प्रवेश नाकारला आणि तो एका गॅरेजमध्ये कामाला लागला. काही वर्षांनी तो मला बाजारात भेटला. मी ओशाळले होते, तोच समजावणीच्या सुरात म्हणाला, "बाई, तुम्ही खोटं काही लिहिलं नव्हतं. पण ते वाचून पुढं कुणी काही विचारलंच नाही."

दुसरा कागद ह्याच्या अगदी उलट होता. २०१० साली आमच्याकडे एक शिक्षक आले. आधीच्या संस्थेचे उत्तम प्रशस्तिपत्र त्यांच्याजवळ होते. सहा महिन्यांनी सातवीतील एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन उभी राहिली. ती बराच वेळ बोलेना. ती जे बोलली ते मी येथे सांगणार नाही. चौकशी झाली, तेव्हा उमगले की आधीच्या शाळेतही अशीच तक्रार होती. तेथील चालकांनी संस्थेचे नाव जपण्यासाठी त्यांना गुपचूप राजीनामा द्यावयास लावला आणि निरोपाचा नारळ द्यावा तसे प्रशस्तिपत्र दिले. मी त्या मुख्याध्यापकांना विचारले, "सर, एक ओळ तरी कळवायची होती." ते म्हणाले, "बाई, त्यालाही मुलंबाळं आहेत. त्याच्या पोटावर पाय कशाला आणायचा?"

एका कागदावर मी एक शब्द अधिक लिहिला आणि एका मुलाची वाट बंद झाली. दुसऱ्या कागदावर कोणी एक शब्द लिहिला नाही आणि एका मुलीचे बालपण डागाळले. तेव्हापासून हे दोन कागद माझ्या मनात शेजारी शेजारी पडलेले आहेत. अमेरिकेने आपल्या काही नागरिकांच्या पारपत्रावर, म्हणजे पासपोर्टवर, त्यांच्या गुन्ह्याची ओळ छापावयास आरंभ केल्याचे वाचले, तेव्हा मला त्या दोन्ही कागदांची आठवण झाली.

ह्या कायद्याची कथा एका लहान मुलीपासून सुरू होते. न्यू जर्सी राज्यातील हॅमिल्टन येथे १९९४ च्या जुलै महिन्यात मेगन कांका नावाच्या सात वर्षांच्या मुलीवर समोरच्या घरात राहणाऱ्या इसमाने अत्याचार करून तिचा खून केला. मुलांवरील अत्याचाराबद्दल त्या इसमाला पूर्वी दोनदा शिक्षा झालेली होती. परंतु मेगनच्या आईवडिलांना ह्याची गंधवार्ताही नव्हती. ठाऊक असते तर आम्ही मुलीला जपले असते, हा त्यांचा आक्रोश साऱ्या देशाने ऐकला. त्याच वर्षी त्या राज्याने आणि १९९६ साली मध्यवर्ती सरकारने अशा गुन्हेगारांची माहिती लोकांना कळविण्याचा कायदा केला. तो 'मेगनचा कायदा' म्हणूनच ओळखला जातो. लैंगिक गुन्ह्यांबद्दल शिक्षा झालेल्यांनी आपले नाव व पत्ता सरकारी नोंदवहीत नोंदवावा, घर बदलल्यास तसे कळवावे, अशी ती व्यवस्था आहे. ही नोंद पंधरा वर्षांची, पंचवीस वर्षांची किंवा आयुष्यभराचीही असू शकते.

पुढे हाच विचार देशाच्या सीमेपलीकडे गेला. आपल्या गावात ज्याच्यावर नजर आहे तो विमानात बसून दुसऱ्या देशी गेला, तर तेथील मुलांचे रक्षण कोणी करावयाचे? हा प्रश्न योग्यच होता. न्यू जर्सीचेच प्रतिनिधी ख्रिस स्मिथ ह्यांनी मांडलेल्या विधेयकावर अध्यक्ष ओबामा ह्यांनी २०१६ च्या फेब्रुवारीत स्वाक्षरी केली. त्या कायद्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग पूर्वसूचनेचा. नोंदवहीत नाव असलेल्या माणसाने परदेशी जाण्याच्या एकवीस दिवस आधी आपल्या प्रवासाची माहिती द्यावयाची; न दिल्यास दहा वर्षांपर्यंत कारावास. 'एंजल वॉच सेंटर' नावाची कचेरी प्रवाशांच्या याद्या तपासते आणि ज्या देशी तो जाणार त्या देशाला आधी कळविते. त्याला आत घ्यावयाचे की नाही, हे तो देश ठरवितो.

दुसरा भाग पारपत्रावरील खुणेचा. अल्पवयीनांविरुद्धच्या लैंगिक गुन्ह्याबद्दल ज्याला शिक्षा झाली आहे आणि ज्याचे नाव अद्याप नोंदवहीत आहे, त्याच्या पारपत्रावर ठळक खूण असावी, असे कायदा म्हणतो. २०१७ च्या ऑक्टोबरअखेरीस परराष्ट्र खात्याने ह्याची अंमलबजावणी जाहीर केली. पुस्तिकेच्या मागील वेष्टनाच्या आतल्या बाजूस एक वाक्य छापण्यात येते. हे पारपत्र धारण करणाऱ्यास अल्पवयीनांविरुद्धच्या लैंगिक गुन्ह्याबद्दल दोषी ठरविण्यात आले होते व अमुक कलमाखाली तो ह्या कायद्याच्या कक्षेत येतो, असा त्याचा आशय आहे. गुन्हा कोणता, केव्हाचा, त्या वेळी त्याचे वय काय होते, त्यानंतर तो कसा वागला, ह्यांपैकी काहीही त्या वाक्यात नसते. खिशात मावणाऱ्या पारपत्र-कार्डावर हे वाक्य छापण्यास जागा नाही म्हणून ते कार्ड ह्या लोकांना दिलेच जात नाही. नोंदवहीतून नाव निघाल्याचे लेखी प्रमाणित झाले, तर खुणेविना नवे पारपत्र देण्याची तरतूद मात्र कायद्यात आहे.

ह्या खुणेचे समर्थक काय म्हणतात ते प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. ते म्हणतात, सूचना फक्त माणसाने सांगितलेल्या देशाला जाते. तो सांगेल एका देशाचे नाव आणि तेथून जाईल तिसऱ्याच देशी. सूचना मागे राहील. पारपत्र मात्र त्याच्याबरोबर जाईल. ह्या युक्तिवादात तथ्य आहे. पैशाचे बळ असलेले पाहुणे गरीब देशांत कशासाठी जात असत, हे आपणा पश्चिम किनाऱ्यावरील लोकांस तरी सांगावयास नको. गोव्यात मडगावजवळ फातोर्डा येथे फ्रेडी पीट्स हा इसम अनाथ मुलांचे वसतिगृह चालवीत असे. लोक त्याला उपकारकर्ता समजत. १९९१ साली त्याला अटक झाली, आणि तेथील मुलांचा परदेशी पाहुण्यांकडून कसा उपभोग घेतला जात होता ते जगापुढे आले. १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. २००३ साली गोव्याने मुलांसाठी जो स्वतंत्र कायदा केला, त्यामागे अशा अनुभवांची वेदना होती. मुंबईत कुलाब्याच्या एका आश्रयगृहातही दोन ब्रिटिश नागरिकांनी निराधार मुलांशी असेच केले. त्यांतील एकाला अमेरिकेत पकडून आपल्या स्वाधीन करण्यात आले, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघांची शिक्षा कायम केली. तेव्हा परदेशातून येणाऱ्या माणसाविषयी आधी सूचना मिळावी, असे आपणही म्हणू. ते म्हणणे आपल्या मुलांच्या हिताचेच आहे.

मी कॅथलिक आहे, आणि म्हणून पुढचे सांगताना मला मान खाली घालावी लागते. २००२ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरी जे प्रकरण उघडकीस आले ते हेच होते. मुलांवर अत्याचार केलेल्या धर्मगुरूंना वरिष्ठांनी एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात हलविले, आणि नव्या धर्मग्रामाला काही कळविले नाही. १९५० ते २००२ ह्या काळासंबंधी तेथील बिशपांनीच करविलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात आरोप झालेल्या धर्मगुरूंची संख्या ४,३९२ आणि तक्रारदारांची १०,६६७ आहे. २०१९ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी अशी तक्रार वरिष्ठांना कळविणे धर्मगुरूंवर व संन्यस्तांवर बंधनकारक केले. पण तोपर्यंत किती बालके मोठी होऊन गेली! दयेच्या नावाने पाळलेले मौन दुर्बळांच्या जिवावर उठते, हे माझ्या घरातच मी शिकले आहे. म्हणून गुन्हेगाराच्या खासगीपणापुढे मुलाची सुरक्षितता दुय्यम आहे, असे मी कधीही म्हणणार नाही.

तथापि माणसाच्या कागदावर खूण उमटविण्याचा इतिहास फार जुना आणि फार काळा आहे, हेही विसरता येत नाही. १९३८ च्या ऑक्टोबर महिन्यात जर्मनीने आपल्या यहुदी नागरिकांची पारपत्रे रद्द केली आणि लाल रंगात 'जे' हे अक्षर उमटवून ती पुन्हा चालू केली. सीमेवर यहुदी कोण ते ओळखता यावे म्हणून स्वित्झर्लंडने धरलेला आग्रह ह्यामागे होता. त्या एका अक्षरामुळे पळून जाणाऱ्यांपुढे सीमेची दारे बंद झाली. ह्याबद्दल स्विस अध्यक्षांनी क्षमा मागितली ती १९९५ साली. आपल्या देशातही इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्माला येताच माणूस गुन्हेगार ठरे. त्याला हजेरी द्यावी लागे, वस्तीबाहेर जाण्यास परवाना लागे. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये पिढ्या गेल्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. परंतु पारध्याच्या मुलाकडे पाहणारी नजर कोणत्या कायद्याने रद्द होणार?

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. 'जे' ह्या अक्षरामागे किंवा गुन्हेगार जमातींच्या नोंदीमागे कोणाचेही कृत्य नव्हते, केवळ जन्म होता. अमेरिकेच्या ओळीमागे न्यायालयात सिद्ध झालेला गुन्हा आहे, आणि तोही मुलाविरुद्धचा. दोहोंना एका पंक्तीत बसविणे हा त्या निरपराध लोकांवर अन्याय होईल. तरीसुद्धा एका बाबतीत सर्व खुणा सारख्या असतात. खूण वाचणारा पुढे विचारीत नाही. एका मुलाने भर बाजारात मला हेच सांगितले होते.

आणि ही खूण वाचणार कोण? पारपत्र केवळ सीमेवरील अधिकाऱ्यालाच दाखवावे लागते असे नाही. परक्या देशात ते उतारगृहात द्यावे लागते, पेढीत द्यावे लागते, घरमालकाला दाखवावे लागते. ज्याच्या हाती संरक्षणाचे कोणतेही कर्तव्य नाही अशा माणसांपुढे ती ओळ पुनःपुन्हा उघडी होते. शिवाय अमेरिकेच्या नोंदवह्यांत सर्व तऱ्हेचे लोक आहेत. काही राज्यांत, आपल्याहून दोन-चार वर्षांनी लहान मैत्रिणीशी संबंध ठेवल्याबद्दल शिक्षा झालेला तरुण आणि कोवळ्या बालकाला छळणारा नराधम हे एकाच वहीत आढळतात. पायऱ्या वेगळ्या असतील. बाहेरच्या माणसाला वही एकच दिसते.

अन्य देशांनी वेगळे मार्ग धरले आहेत. ऑस्ट्रेलियाने २०१७ साली कायदा करून नोंद झालेल्या बालगुन्हेगारी दोषींना, म्हणजे मुलांवर अत्याचार करणाऱ्यांना, परवानगीविना परदेशी जाण्यासच मनाई केली. इंग्लंडमध्ये विशिष्ट माणसाविषयी न्यायालयाकडून प्रवासबंदीचा हुकूम मिळविता येतो. आपल्याकडे १९६७ च्या पारपत्र कायद्यान्वये नैतिक अधःपाताच्या गुन्ह्याबद्दल दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेल्यास, शिक्षेनंतर पाच वर्षांपर्यंत पारपत्र नाकारता येते. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद आपणही २०१८ साली सुरू केली. आरंभीच तीत चार लाख चाळीस हजारांहून अधिक नोंदी होत्या. ती पाहण्याचा अधिकार मात्र केवळ पोलीस आदी यंत्रणांना आहे, सर्वांना नाही.

त्याच २०१८ साली आपल्या येथे एक गोष्ट घडली. परदेशी नोकरीस जाताना ज्यांना सरकारी तपासणीतून जावे लागते, त्यांत मुख्यतः दहावी न झालेले मजूर असतात. त्यांच्या पारपत्राचे वेष्टन नारिंगी रंगाचे करावे, असे जानेवारी महिन्यात जाहीर झाले. आखातात राबणाऱ्या माणसाच्या हाती, तो कमी शिकलेला आहे हे दुरूनच सांगणारे पुस्तक द्यावयाचे! लोकांनी विरोध केला आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेस सरकारने तो विचार सोडून दिला. ही खूण त्या मजुरांच्या संरक्षणासाठीच होती, असे म्हणता आले असते. पण रक्षण करणाऱ्याला जे कळावयास हवे ते फलाटावरच्या प्रत्येकाला कळण्याचे कारण नाही, हा विवेक आपण त्या वेळी दाखविला.

मग माझे मत काय? पूर्वसूचना असावी, ती वेळेवर, अचूक आणि ज्याच्यावर रक्षणाची जबाबदारी आहे त्याच्याच हाती जावी. सीमेवरील यंत्रात ती माहिती दिसावी. पारपत्रावर ओळ छापावयाचीच असेल, तर नोंदवहीत नाव आहे एवढ्यावरून ती छापू नये. तो विशिष्ट माणूस आजही मुलांना धोकादायक आहे काय, ह्याचा विचार न्यायाधीशाने करावा आणि मुदत ठरवावी. असे केल्याने काही माणसे निसटतील, अशी भीती आहे. ती मी नाकारीत नाही. पण छापलेल्या ओळीतूनही माणसे निसटतातच, आणि आता त्याविषयीच बोलून मी थांबणार आहे.

'काईनची खूण' असा शब्दप्रयोग आपण कलंक ह्या अर्थी करतो. उत्पत्तीच्या पुस्तकात मात्र ती खूण वेगळ्या कारणासाठी आहे. भावाचा खून करणाऱ्या काईनला शिक्षा झाली, तो देशोधडीला लागला. पण वाटेत कोणी त्याला ठार मारू नये म्हणून परमेश्वराने त्याच्यावर खूण ठेवली. शिक्षा आणि रक्षण ही दोन्ही एकाच न्यायातून निघालेली होती. आपण मात्र खुणेचा अर्धाच अर्थ लक्षात ठेवला.

आणि ज्याच्यावर खूणच नाही त्याचे काय? फ्रेडी पीट्सच्या कागदांवर कोणती खूण होती? आमच्याकडे आलेल्या त्या शिक्षकाच्या कागदावर तर 'उत्तम' असे लिहिलेले होते. २००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या परिचयाचे किंवा विश्वासाचे होते. काका, शेजारी, शिकवणीचे मास्तर, गाडी चालविणारे दादा. ह्यांना घरात येण्यास पारपत्र लागत नाही. खूण दिसली की आपण दार लावतो हे ठीक. पण खूण दिसली नाही की आपण निश्चिंत होतो, हे त्याहून घातक आहे. कोरे पान हे प्रशस्तिपत्र नव्हे.

श्रोतेहो, २०१२ च्या कायद्याने आता मुलांवरील अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. संस्थेच्या प्रमुखाने ती दडविली तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. त्या मुख्याध्यापकांचे उत्तर आज कोणी देऊ धजणार नाही, अशी आशा आहे.

माझ्यापुरते म्हणाल, तर दाखले आजही मीच तयार करते. मुलाच्या चुकीबद्दल त्या रकान्यात मी आता काही कठोर लिहीत नाही. चूक त्याच्याशी आणि त्याच्या घरच्यांशी बसून बोलते. परंतु प्रश्न इतर मुलांच्या सुरक्षिततेचा असेल, तर रकाना भरून मी स्वस्थ बसत नाही. त्याच दिवशी पोलिसांना कळविते, आणि पुढच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना स्वतः जाऊन भेटते. ते विचारतात आणि मी सांगते. काय घडले, केव्हा घडले, पुढे काय झाले. कागदावरच्या ओळीला प्रश्न विचारता येत नाहीत, म्हणून मी जाते.

ती सातवीतील मुलगी आता नर्स झाली आहे. गेल्या नाताळात ती घरी आली होती. निघताना तिने विचारले, "बाई, ते सर आता कुठं असतात?" मी तिला सांगू शकले, कारण त्यांना शिक्षा झाली, त्यांची नोंद झाली, आणि ते पुन्हा कोणत्याही शाळेत गेले नाहीत. तिने मान हलविली, पायांत चपला घातल्या आणि ती जिना उतरून गेली.